कचरा पिशवीत बांधून टाकताय? घरातलं प्लॅस्टिक कमी करायची गावाकडची रीत

जुन्नर/आंबेगाव : दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या गोठ्यातली एक एचएफ गाय खायची थांबली. वैरण पुढ्यात तशीच. रवंथ बंद. डावी कूस फुगायची, औषध पाजलं की उतरायची आणि दुसऱ्या दिवशी परत फुगायची. दूध १६ लिटरवरनं ४ लिटरवर आलं. आठ दिवस औषधपाणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता कोठीपोट उघडूनच बघावं लागेल. गाईला उभं ठेवून, कूस बधिर करून त्यांनी चीर दिली, आत हात घातला आणि काढत राहिले. प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळी, नायलॉनची दोरी, चिंध्या, सगळ्याचा मिळून एक लगदा. एक पाटी भरली. त्यात एक पांढरी पिशवी होती, तिला मारलेली गाठ अजून तशीच होती. डॉक्टर म्हणाले, "दादा, गाईला काही पिशवीची आवड नसते. पिशवीत काय बांधलं होतं ते बघा."

गाय वाचली, पण ते वेत गेलं. दूध पुन्हा वर आलंच नाही. ऑपरेशनचा खर्च, औषधं, बुडालेलं दूध, सगळं धरून जे नुकसान झालं ते दुधाचा धंदा करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

ती पिशवी कोणाच्या घरातली, हे कोणी सांगू शकत नाही. पण आमच्या घरातनंही रोज रात्री तशीच गाठ मारलेली पिशवी बाहेर जात होती. रस्त्याच्या वळणावर, जिथं सगळ्यांचीच पडायची. आणि उन्हाळ्यात आमच्याच गाई त्या वळणापलीकडं चरायला जायच्या. तेव्हापासून घरात कचऱ्याला पिशवी लावणं बंद केलं. ते कसं जमलं, काय जमलं नाही आणि नियम काय सांगतात, ते इथं एकत्र देतोय.

गाय पिशवी का गिळते

गाय-म्हैस शेळीसारखं वेचून खात नाही. जिभेनं गुंडाळून भराभर गिळायचं आणि नंतर निवांत बसून रवंथ करायची, ही तिची पद्धत. पिशवीत शिळी भाकरी, भाजीची देठं, आंब्याच्या साली बांधलेल्या असतात. तिला वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. मग पिशवीसकट आत. प्लॅस्टिक कोठीपोटात पचत नाही आणि पुढंही सरकत नाही. वर्षानुवर्षं साठत राहतं आणि खाद्याची जागा अडवून बसतं. बाहेरून गाय भरल्या पोटाची दिसते, आतनं उपाशी असते.

आंध्रातल्या पुट्टपर्थीच्या करुणा सोसायटी या संस्थेनं एका गाईच्या पोटातनं ५३ किलो प्लॅस्टिक काढल्याची नोंद आहे. याच संस्थेनं पुढं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात प्लॅस्टिक पिशव्यांविरुद्ध याचिका केली. ५३ किलो म्हणजे खताच्या गोणीपेक्षा जास्त वजन.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. अंगात फॉस्फरस आणि क्षार कमी पडले की जनावर चिंध्या, माती, चामडं, प्लॅस्टिक असं काहीही चघळायला लागतं. त्यामुळं खनिज मिश्रण रोज द्या. पण वळणावर पिशव्यांचा ढीग असेल तर नुसत्या मिश्रणावर भागणार नाही.

आपल्या भागात याला बिबट्याची बाजूही आहे. उघड्यावर उष्टं-खरकटं पडलं की मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्री जिथं तिथं बिबट्या. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शाळेच्या वाटेवर किंवा वस्तीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग असणं म्हणजे काय, ते यावरनं समजून घ्यावं.

पिशवी लागते ती ओल्यासाठी

आमच्या आजीच्या वेळी घरात कचऱ्याचा डबा नव्हता. राख, शेण, साली, उष्टं, सगळं उकिरड्यावर. पत्रावळी उकिरड्यावर, फाटकी चिंधी गोधडीत, काच-लोखंड मोडवाल्याला. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा गावंच्या गावं खराटे घेऊन बाहेर पडली होती. तेव्हा झाडून निघायचा तो जास्त करून पाला, माती, शेण. आज त्याच चौकात झाडू मारला तर पाच रुपयांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या निघतात.

कचरा बदलला, मग टाकायची पद्धतही शहरासारखी झाली. एकच डबा, त्यात ओलं-सुकं एकत्र. दुसऱ्या दिवशी वास सुटतो, पाणी गळतं. म्हणून डब्याला पिशवी. बाजारातनं आलेल्या पातळ पिशव्या कमी पडल्या की दुकानातनं काळ्या पिशव्यांचा रोल. फेकायची वस्तू आपण पैसे देऊन विकत आणतो! दिवसाला एक धरली तरी एका घराच्या वर्षाला ३६५ पिशव्या होतात. गावात ४०० घरं असतील तर १ लाख ४६ हजार.

आणि त्या जातात कुठं? घंटागाडी नसेल तिथं ओढ्याला, चारीला, नदीला. मीना आणि कुकडी घोड नदीला मिळतात, घोड भीमेला, भीमा उजनीला आणि तिथनं पंढरपूरला. आषाढीला आपण ज्या चंद्रभागेत हातपाय धुतो, तिचं पाणी आपल्याच ओढ्यांतनं गेलेलं असतं.

आता मुद्द्याचं. सुक्या कचऱ्याला वास नाही, पाणी नाही, त्याला पिशवी कशाला? पिशवी लागते ती ओल्यामुळं. ओलं पहिल्यापासनं वेगळं ठेवलं की पिशवीची गरजच उरत नाही. शिवाय सुकं प्लॅस्टिक स्वच्छ राहतं, भंगारवाला घेतो, आणि गाय त्याकडं बघतही नाही.

घरात मांडणी अशी करा

ओल्यासाठी झाकणाची जुनी बादली किंवा पत्र्याचा डबा घ्या. तळाला वर्तमानपत्राचा एक कागद घडी करून टाका, कागद नसेल तर मूठभर वाळलेला पाला किंवा भुसा. साली, देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यात. चूल असेल तर रोज वरनं थोडी राख टाका, वास आणि चिलटं दोन्ही कमी होतात. भाजीचा रस्सा, ताकाचं पाणी यात ओतू नका, गाळून घ्या. बादली दोन दिवसांच्या वर भरू देऊ नका. रिकामी केल्यावर भांडी घासलेल्या पाण्यानं विसळली की झालं, ते पाणी केळीला, अळूला. पहिल्या आठवड्यात घरात कुरकुर होते. आमच्याकडं आईचं म्हणणं होतं, "बादली कोण धुणार?" तिची तक्रार रास्त होती, कारण मी पिशवी बंद केली पण बादली धुवायची पाळी तिच्यावर आली. मग ठरलं, सकाळी धार काढायला जाताना जो जाईल त्यानंच बादली उकिरड्यावर न्यायची आणि हौदावर विसळून आणायची. ज्या घरात हे काम बाईमाणसाच्या गळ्यात पडतं तिथं महिन्याभरात काळी पिशवी परत येते, हे मी पाहिलेलं आहे.

हिरवा पाला, मटारच्या साली, कोबीची पानं जनावरांना चालतात. पण एक धोका लक्षात ठेवा. लग्नातला उरलेला भात, चपात्या, शिरा पाटीभर गाईपुढं ठेवू नका. एकदम जास्त पिष्ट पोटात गेलं की कोठीपोटात आम्ल वाढतं, जनावर आडवं होतं आणि कधी कधी दगावतं. अन्न वाया जाऊ नये म्हणून केलेलं पुण्य गाईच्या जिवावर येतं. घरची एखादी शिळी भाकरी ठीक. जेवणावळीचं उरलेलं असेल तर खड्डा करून त्यावर शेण-माती टाका.

उकिरडा असेल तर वेगळं काही करायचं नाही. फक्त त्यात प्लॅस्टिक जाता कामा नये, नाहीतर तेच शेणखताबरोबर शेतात जातं. जरा नीट करायचं असेल तर नाडेप टाकं बांधा. ही पद्धत आपल्याच राज्यातल्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसवली, नाडेप हे नाव त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरनं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांचं आणि भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेलं. काडीकचरा, माती आणि थोडं शेण अशा थरांनी भरायचं. एका टाक्याला ९० ते १०० किलो शेण पुरतं आणि ९० ते १२० दिवसांत खत तयार होतं. ज्यांच्याकडं एकच जनावर आहे त्यांना हे सोयीचं.

नारायणगाव, मंचर, आळेफाटा इथं आता फ्लॅट झालेत. तिथं उकिरडा नाही, पण गच्ची किंवा बाल्कनी असते. तळाला आणि बाजूला भोकं पाडलेला रंगाचा जुना डबा घ्या, एक थर ओला कचरा, त्यावर एक थर वाळलेला पाला किंवा भुसा. वास आला तर समजायचं पाणी जास्त झालं, भुसा वाढवा.

सुक्यासाठी पशुखाद्याची रिकामी गोणी भिंतीला खिळ्यावर अडकवा. पाकिटं, बाटल्या, डबे, दुधाच्या पिशव्या विसळून, निथळून त्यात टाकायच्या. तेलाची पिशवी आधी कापून राखेनं पुसून घ्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो एवढासा तुकडा कोणी उचलत नाही, तो थेट मोरीत आणि मोरीतनं ओढ्यात. आमची गोणी साधारण दीड महिन्यानं भरते. दीड महिना घरात कचरा ठेवता, असं पाहुणे म्हणतात. वास नाही, माशी नाही, मग काय हरकत आहे?

तिसरा एक लहान डबा हवाच. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे ठेवायचे, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्याला ओळखता येतील. ब्लेड, फुटकी काच, आणि जनावरांना टोचलेल्या सुया-सिरिंज झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. सुया गोठ्याच्या कोपऱ्यात फेकायची सवय आपल्याला आहे, आणि वैरणीबरोबर सुई पोटात गेली तर ती काळजापर्यंत टोचत जाते. कीटकनाशकाच्या बाटल्या मात्र घरच्या गोणीत टाकायच्याच नाहीत. फवारणीच्या वेळीच तीनदा खळखळून धुवा, ते पाणी पंपात ओता, बाटलीला भोक पाडा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी ठेवा. त्यात तेल किंवा रॉकेल भरू नका.

हिरवी 'विरघळणारी' पिशवी घ्यावी का?

दुकानात आता हिरव्या पिशव्या मिळतात, त्यावर 'कंपोस्टेबल' लिहिलेलं असतं. खरी असेल तर त्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो आणि तिला आयएस १७०८८ हे मानक लागू असतं. पण या पिशवीची चाचणी साधारण ५८ अंश तापमान सतत धरून होते. ती उष्णता मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते, आपल्या उकिरड्यात टिकत नाही. म्हणजे शेतात ती बराच काळ तशीच दिसेल. आणि गाईच्या दृष्टीनं गाठ मारलेली हिरवी पिशवी आणि काळी पिशवी सारखीच. माझं मत विचाराल तर पैसे घालवू नका, कागद आणि बादली पुरते. नुसतं 'इको', 'बायो' असं लिहिलेल्या आणि क्रमांक नसलेल्या पिशवीवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

गोणीतलं काय विकलं जातं

बाटली किंवा डब्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याची, शीतपेयाची बाटली. २ म्हणजे तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या, ड्रम. ४ म्हणजे दुधाच्या पिशव्या, पातळ फिल्म. ५ म्हणजे जेवणाचे डबे, बाटल्यांची झाकणं. पशुखाद्याच्या गोण्याही याच जातीच्या. हे चारही भंगारात जातात, मात्र स्वच्छ आणि वेगवेगळे असले तरच भाव. ३ म्हणजे पीव्हीसी पाइप, तो वेगळा ठेवायचा. ६ म्हणजे थर्माकोल, त्याला कोणी विचारत नाही.

कोणी घेत नाही असा मोठा ढीग वेफर्स-कुरकुरे, बिस्कीट, गुटखा, शाम्पूच्या पुड्यांचा. प्लॅस्टिक आणि चकचकीत थर एकत्र चिकटवलेले असतात, वेगळे होत नाहीत. ते सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी पाठवता येतात. मदुराईचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरात मिसळून रस्ते करायची पद्धत शोधली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पण भट्टी काय आणि रस्ता काय, गावातनं कोणी तरी गोळा करून नेलं तरच. केंद्राच्या नियमात उत्पादक कंपन्यांवर आपलं पॅकिंग परत गोळा करायची जबाबदारी टाकलेली आहे. कंपनीची गाडी पाच रुपयांचं पाकीट घेऊन आदिवासी पट्ट्यातल्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचते, पण रिकामं पाकीट न्यायला आलेली गाडी मी तरी अजून बघितलेली नाही.

शेतातल्या मल्चिंग पेपरचं एवढंच सांगतो : टोमॅटो, काकडी, मिरचीचा प्लॉट संपला की लगेच, पेपर ठिसूळ व्हायच्या आत गुंडाळून काढा. २५-३० मायक्रॉनच्या कागदावर एकदा रोटर फिरला की त्याचे तुकडे कोणालाच वेचता येत नाहीत, आणि बांधावरच्या गवताबरोबर ते गाईच्या पोटात जातात. ठिबकच्या नळ्यांना मात्र गिऱ्हाईक आहे.

घरात येतानाच अडवलं तर

मी एकदा आठवडाभर आमच्या घरातलं प्लॅस्टिक मोजलं. पोरांची पाच-दहा रुपयांची पाकिटं १७, भाजी-फळांच्या पातळ पिशव्या ११, किराणा मालाची पाकिटं ९, शाम्पूच्या पुड्या ६, गोळ्यांच्या पट्ट्या ३, औषधाच्या बाटल्या २. एकूण ४८. तुम्हीही एक आठवडा मोजा, कुठं कापता येईल ते लगेच दिसतं.

आमच्यात सगळ्यात सोपा आकडा निघाला ११ चा. जुन्या पॅन्टच्या दोन आणि साडीच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, एक कायम मोटरसायकलच्या डिकीत. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मिरची, लिंबू, आलं एकाच पिशवीत घ्यायचं, घरी आल्यावर निवडायचं. मटण-मासळीला स्टीलचा डबा. पहिल्यांदा डबा पुढं केला तेव्हा दुकानदारानं काटा परत शून्यावर आणायला कटकट केली, आता तोच विचारतो, "डबा आणला का?" शाम्पूच्या पुड्यांऐवजी एक बाटली आणली, तीही शेवटी भंगारात विकली जाते. किराण्यात डाळ, शेंगदाणे, गूळ सुटा कागदात मिळतो. तेल आणि बिस्किटांचं काही करता आलं नाही. आणि १७ चे १० झाले, त्याखाली आणणं मला जमलेलं नाही. घरात शेंगदाण्याची चिक्की, चुरमुरे, फुटाणे ठेवले तरी पोरं दुकानात जातातच.

सप्ताह, लग्न, दहावा

घरात वर्षभर वाचवलेलं एका जेवणावळीत भरून निघतं. हजार माणसाचं जेवण म्हणजे हजार ताटं, दोन हजार द्रोण, पाण्याचे ग्लास आणि चहाचे कप वेगळे. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. लोकांनी मग कागदी कप धरला, पण कागद भिजू नये म्हणून त्याला आतनं प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरतात. जुलै २०२२ मध्ये राज्यानं असा थर दिलेल्या कागदी ताट-कपांवरही बंदी घातली.

गावानं किंवा बचत गटानं एकदाच स्टीलची ताट-वाटी-ग्लास घेऊन भाड्यानं द्यायची, हा यावर चांगला उपाय आहे. धुवायला बायका मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, त्यामुळं भाड्यातच धुण्याची मजुरी धरा. सप्ताहाला तर पूर्वीसारखं घरोघरनं ताट-तांब्या घेऊन यायला सांगता येतं. कोणी लाजत नाही, भोंग्यावरनं दोन दिवस आधी सांगायला हवं. नाहीच जमलं तर पळसाच्या पत्रावळी. त्या जेवण झाल्यावर उकिरड्यावर जातात.

नियम काय सांगतात

महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड असण्याच्या आणि परत घेण्याची किंमत छापण्याच्या अटीवर. ५० पैसे परत मिळतात म्हणून पिशव्या घेऊन दुकानात गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.

केंद्र सरकारनं पिशवीची जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरनं बाजारातली पातळ पिशवी किती बेकायदा आहे ते चिमटीत धरूनच कळेल. राज्याच्या बंदीत तर सामान न्यायच्या पिशवीला जाडीची सूटच दिलेली नाही. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे कप, ग्लास, ताटं, चमचे, स्ट्रॉ, कान कोरायच्या प्लॅस्टिक काड्या, फुग्याच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल देशभर बंद आहे.

जाळू नका

संध्याकाळी गोठ्यापाशी मच्छर जावेत म्हणून, नाहीतर थंडीत शेकायला, आपण पिशव्या, पाइपचे तुकडे पेटवतो. पीव्हीसीत क्लोरिन असतं, ते जळताना डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती हवेतनं वैरणीवर बसतात, जनावराच्या चरबीत साठतात आणि दुधातनं उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या शरीरात जाणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन खाण्यातनं येतं, त्यात मांस आणि दूध-दुभतं पुढं. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवून दिलाय. चुलीत पिशवी टाकून जाळ लावणाऱ्या घरात तो धूर आधी स्वयंपाक करणारीच घेते.

ग्रामपंचायतीत काय विचारायचं

लोकांची मुख्य तक्रार मला सगळीकडं एकच ऐकू येते, आणि ती खोटी नाही. आम्ही घरात वेगळं करतो, पण गाडीवाला सगळं एकाच ट्रॉलीत ओततो आणि ओढ्याच्या कडेला नेऊन पेटवतो. असं असेल तर घरातला माणूस चार दिवसांत कंटाळणार.

यासाठी निधी आहे. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) टप्पा २ मध्ये ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद आहे. ३ हजार लोकसंख्या धरली तर १ लाख ८० हजार. यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीनं १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतनं घालायचा असं ठरलं होतं, आणि त्या आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. याशिवाय तालुक्याला एक प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन युनिट, त्यासाठी १६ लाखांपर्यंत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तोंडी बोलू नका, आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात चारच गोष्टी विचारा. आपल्या गावाला या टप्प्यातनं किती रक्कम आली आणि कशावर खर्च झाली? घंटागाडीत ओलं आणि सुकं असे दोन कप्पे कधी होणार? सुकं प्लॅस्टिक ठेवायला गावात शेड कुठं आहे? तालुक्याचं युनिट कोणत्या गावात आहे आणि त्याची गाडी आपल्याकडं महिन्यातनं कोणत्या तारखेला येणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ग्रामसेवकाकडं नसेल तर पंचायत समितीच्या स्वच्छता कक्षाकडं जुन्नर किंवा घोडेगावला विचारा. तोपर्यंत गोणी घरातच भिंतीला राहू द्या आणि वाडीतल्या आठ-दहा घरांच्या गोण्या एकत्र करून भंगारवाल्याला एकदाच बोलवा. एका घराच्या गोणीसाठी तो येत नाही, दहा घरांच्या म्हटलं की टेम्पो घेऊन येतो.